आजोबांची नसबंदी चालली, नवऱ्याची का चालत नाही?

गच्चीतली_तुळस

नमस्कार. इथं बरेच दिवस नुसती वाचते आहे, लिहायची वेळ पहिल्यांदाच.

मी ३३, नवरा ३६. दोन मुली. मोठी सहा वर्षांची, धाकटी अकरा महिन्यांची. दोन्ही वेळा सिझर. दुसऱ्या वेळी टेबलावरच विचारलं होतं, ऑपरेशन पण करून टाकू का म्हणून. बाळाचं वजन कमी होतं, जीव थाऱ्यावर नव्हता, मी नको म्हटलं. परवा नवरा आपणहून म्हणाला, "तुझं पोट दोनदा फाडलंय. आता माझी पाळी." मला हसू आलं आणि बरंही वाटलं.

सासूबाईंना कळलं आणि घरात सुतक आलं. दोन दिवस जेवल्या नाहीत. "माझ्या पोराला नामर्द करायला निघालीस, तुझं करून घे की." सासरे पेपरातून मान वर काढत नाहीत. आमच्यात असलं करत नाहीत म्हणे. (दोन्ही मुली आहेत, हेही आहेच.)

आता गंमत ऐका. दिवाळीत माहेरी फलटणकडे गेले होते. आजोबांची पत्र्याची पेटी आवरताना सातबाऱ्याच्या उताऱ्यांत एक पिवळा कागद सापडला. पुरुष नसबंदी शस्त्रक्रिया, १९७१. आजोबा! पटका बांधणारे, गावजेवणात पहिल्या पंगतीला बसणारे आजोबा. आजी ८४ ची आहे, तिला विचारलं तर म्हणाली, "त्यात काय एवढं? आपल्या आळीतले सहा जण एकाच ट्रकातनं गेले. येताना रस पिऊन आले." चार मुलं झाली होती, बास झालं म्हणाले. पुढे सत्तरीपर्यंत औत हाकलं त्यांनी.

मला खरंच कळत नाहीये. जे त्या गावात तेव्हा चाललं, ते आज चाकणला पगार घेणाऱ्या माणसाच्या फ्लॅटमध्ये का चालत नाही? आपण पुढे चाललोय असं मी समजत होते. कुणाला जुनं काही आठवत असेल तर सांगा.

---

दोनचाकी

ताई, माझं २०१९ ला झालंय. फक्त तेवढ्या जागेला भूल देतात, बिनटाक्याची पद्धत, पंधरा-वीस मिनिटं. दुपारी घरी येऊन वरणभात खाल्ला. दोन दिवस आराम, आठवडाभर जड उचलायचं नाही, बाकी सगळं होतं तसं आहे. सगळं म्हणजे सगळं.

एक मात्र विसरू नका. लगेच मोकळं होत नाही. तीन महिने दुसरं साधन वापरायचं, मग वीर्याची तपासणी करायची, ती स्वच्छ आली की झालं. आमच्या ऑफिसातला एक जण हे ऐकून न ऐकल्यासारखं करून बसला, आता त्याचा तिसरा बालवाडीत आहे.

घरी मी सांगितलंच नाही. तुमच्याकडे ती वेळ गेलेली दिसते.

---

निवृत्त_नर्सबाई

पोरी, तुझी आजी खरं सांगते. मी नगर जिल्ह्यात छत्तीस वर्षं एएनएम, म्हणजे गावोगाव फिरणारी सरकारी नर्स, होते. १९७९ ला लागले, २०१५ ला सुटले. टाइप करायला नातू बसलाय, त्यामुळं काही शब्द गिळते आहे.

तुझे आजोबा त्या ट्रकातनं गेले त्या काळात कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन म्हटलं की बहुतेक पुरुषाचंच. हिशोब साधा होता. बाईचं पोट उघडायचं म्हणजे थिएटर, भूल, आठवडाभर खाट. पुरुषाचं एखाद्या खोलीत टेबल टाकूनही व्हायचं. त्याच १९७१ साली केरळात एर्नाकुलमला एका महिन्याच्या शिबिरात सुमारे ६३ हजार पुरुषांनी करून घेतलं होतं. चेष्टा व्हायची, पारावर टोमणे बसायचे, आणि माणसं तरी जायची. चार पैसे मिळायचे हेही खरं.

मग ७६ साल आलं, आणीबाणीचं.

मी तेव्हा मॅट्रिक झालेली पोर. वडील शाळामास्तर. मास्तर, ग्रामसेवक, तलाठी, ज्याला त्याला केसेस ठरवून दिलेल्या. केस म्हणजे माणूस हं. वडलांना पाच. दोन महिने पगार अडला, आई गोडेतेल उधारीवर आणायची, तेही छटाक छटाक. वडील सायकलवर वाड्यावस्त्या फिरायचे आणि लोक लांबून सायकल ओळखून उसात शिरायचे. ज्यांना बघून पोरं उभी राहायची, त्यांना बघून पोरांचे बाप पळायला लागले. ते वडलांना फार लागलं. चार केसेस मिळाल्या. त्यातला एक साठीच्या पुढचा, बायको मेलेला. त्याचं कशाला केलं देव जाणे. आकडा भरला. पाचवी केस वडील स्वतः झाले. मला हे आईनं सांगितलं, नोकरीची ऑर्डर आली त्या रात्री. "तू आता त्याच खात्यात चाललीस म्हणून सांगते," म्हणाली.

त्या एका वर्षात देशात ८२ लाखांवर ऑपरेशनं झाली, त्यातली ६२ लाख पुरुषांची. पुढं सरकार पडलं आणि खात्याच्या पाटीवरचं 'नियोजन' जाऊन 'कल्याण' आलं. माझी नोकरी कल्याणातली. पण गाव पाटी वाचत नाही. माझी पांढरी साडी दिसली की पुरुष मागच्या दारानं पसार. एक जण कणगीमागं लपला होता, शिंक आली म्हणून सापडला. मी त्याच्या पोराला त्रिगुणी लस द्यायला गेले होते!

आता बघ, पुरुष पळाला म्हणून टार्गेट थोडंच पळतं. १९९६ ला ते कागदावरून निघालं, तोवर दर मार्चला आमच्या मानगुटीवर बसायचं. ते मग गेलं बायकांवर. दुर्बिणीचं ऑपरेशन आलं, काही मिनिटांत एक. शिबिराला चाळीस-पन्नास बायका, सकाळपासून उपाशी, डॉक्टर येणार दुपारी. झालं की सतरंजीवर ओळीनं निजवायच्या. मी त्या ओळीतनं वाकून नाडी बघत जायची. कडेला सासवा बाळं मांडीवर घेऊन बसलेल्या, बाळं दुधासाठी रडतायत आणि आया गुंगीत. छत्तीसगडात बिलासपूरजवळच्या शिबिरानंतर १३ बाया गेल्या, नोव्हेंबर २०१४ ची गोष्ट. ती बातमी ऐकली तेव्हा माझी नोकरी संपत आली होती. मला त्या सतरंज्या आठवल्या. आमच्याकडं असं कधी झालं नाही, यात आमचा शहाणपणा किती आणि नशीब किती, हे मी मोजत बसले नाही. पुढं २०१६ ला सुप्रीम कोर्टानं ही शिबिरं तीन वर्षांत बंद करा म्हणून सांगितलं.

आता सासूचं. मी शेकडो घरांत ओसरीवर बसून हा विषय काढलाय. पुरुषाचं करू म्हटलं की पहिला नकार बायकोचाच. "त्यांना कष्टाचं काम हाय, पोतं उचलावं लागतं." आणि बाई काय उचलत होती? डोक्यावर गवताचा भारा, काखेत पोर. पण हे झालं सगळ्यांपुढं सांगायचं कारण. दुसरं ती मला पाणी द्यायच्या निमित्तानं आत नेऊन सांगायची. "नर्सबाई, त्यांचं केलं आन् मला दिवस राहिले तर?" ऑपरेशन क्वचित फेल जातं. फेल गेलं तर गाव डॉक्टरला बोलत नाही, बाईला बोलतं. त्यापेक्षा स्वतःचं करून घेतलेलं बरं, निदान तो डाग तरी नाही. ट्रेनिंगमध्ये मला हे कुणी शिकवलं नव्हतं.

तुझी सासू 'नामर्द' म्हणते, त्यामागं ७६ ची भीती असेल, हेही असेल. तिला स्वतःलाही नीट माहीत नसेल.

सगळ्याच सासवा वाईट नव्हत्या बरं का. माला-एन या पाळणा लांबवायच्या गोळ्यांची पाकिटं आम्ही फुकट वाटायचो. २८ गोळ्या, शेवटच्या सात तांबूस, लोहाच्या. एक सून पाकीट तांदळाच्या डब्यात तळाशी लपवायची. सासूच्या हाताला लागलं. सून रडत माझ्याकडं आली, मी धावत गेले, म्हटलं आता ही मला झोडपते. म्हातारी म्हणाली, "आमच्या वक्ताला का न्हाई दिलं कुणी?" तिची अकरा बाळंतपणं, जगली पाच. नंतर तीच वस्तीवरच्या सुनांना हाताला धरून माझ्याकडं आणायची. "तांबी काळजात चढते" म्हणून कुणी कुजबुजलं की ही खेकसायची, "तुझ्या काळजाला काय जिना हाय का?" तिला खात्यानं पगार द्यायला हवा होता.

आणि दोन मुली. ते तू कंसात टाकलंस. लोकांनी 'दोन पुरेत' कधीच मान्य केलं, पण दोनात एक पोरगा हवाच. मी घरोघर 'पाळणा लांबवा, पाळणा थांबवा' करत फिरले, आणि त्यातल्याच काही घरांतल्या सुना तालुक्याला जाऊन मोकळ्या होऊन यायच्या. सोनोग्राफीत काय दिसलं ते कुणी बोलायचं नाही. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्राचा, १९८८ चा. तरी २०११ च्या जनगणनेत शेजारच्या बीडला सहा वर्षांच्या आतल्या हजार मुलग्यांमागं ८०७ मुली. यावर मला नीट लिहिता येत नाही, राहू दे.

नातू कंटाळला. उद्या बघते.

---

जुनी_रद्दी

नर्सबाई, तुमच्या वडलांचं वाचून बराच वेळ काही सुचलं नाही.

थोडी मागची भर. सरकारी कार्यक्रम १९५२ चा, पण मुंबईत हा विषय त्याआधी तीस वर्षं पेटलेला होता. रघुनाथ धोंडो कर्वे, विल्सन कॉलेजात गणित शिकवणारे, महर्षी कर्व्यांचे चिरंजीव. १९२१ साली त्यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंचं निघालं ते त्याच वर्षी. कॉलेजातली नोकरी त्यापायी गेली. १९२७ पासून १९५३ ला जाईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, कायम तोट्यात. पत्नी मालतीबाई मिळवत्या होत्या, त्यांनी हे सगळं ओढलं, त्यांचं नाव कुणी घेत नाही. दोघांनी ठरवून मूल होऊ दिलं नाही.

वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना मासिकात सरळ उत्तरं दिली म्हणून १९३४ ला जो खटला झाला, त्यात कर्व्यांचे वकील होते डॉ. आंबेडकर. हरले. १९३८ ला आंबेडकरांच्या पक्षानं मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला, तोही पडला. दुसऱ्या बाजूला गांधीजी. संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या अमेरिकन बाई मार्गारेट सँगर १९३५ च्या डिसेंबरात वर्ध्याला त्यांना भेटायला आल्या, पण ते संयमावरून हलले नाहीत. म्हणजे तेव्हा भांडण होतं ते साधन वापरणं नीतीत बसतं का, याचं. बाईलाही सुखाचा हक्क आहे असं कर्वे छापत होते आणि त्यामुळे पुण्यामुंबईची अर्धी शहाणी माणसं त्यांच्यावर थुंकत होती.

माझ्याकडे रद्दीतून आलेले 'समाजस्वास्थ्य'चे चार-पाच अंक आहेत. माझे वडील ते पंचांगाच्या मागे ठेवायचे.

आणि ७६ चं म्हणाल तर आपल्या विधिमंडळानं तेव्हा सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूरसुद्धा केलं होतं. राष्ट्रपतींची सही झाली नाही म्हणून राहिलं. आज हे सांगितलं तर लोक म्हणतात उत्तरेतली गोष्ट. उत्तरेतली नव्हे, इथलीच.

---

पापडी_लोकल

आम्ही वसईचे ख्रिस्ती, आमच्याकडे आणखी वेगळी तऱ्हा. १९६८ ला पोपसाहेबांचं पत्रक आलं, कृत्रिम साधनं नकोत. आजीला नऊ मुलं, आईला तीन, मला एक. मधल्या काळात चर्चची शिकवण काही बदलली नाही. आईनं तांबी बसवली होती, हे तिनं मला माझ्या लग्नाच्या आदल्या रात्री सांगितलं. "कन्फेशनला सांगितलंस?" म्हटलं. म्हणाली, "फादरला पोरं सांभाळायला बोलावणार होते का मी?"

माझी मुलगी २६ ची आहे. ती नवऱ्याबरोबर बसून मूल हवं की नको यावरच चर्चा करते, डायनिंग टेबलवर, माझ्यासमोर. मी कोशिंबीर वाढायला उठते.

---

दोनचाकी

नर्सबाई, एक विचारू? आता काय प्रमाण आहे पुरुषांचं? मला माझ्यासारखा अजून एकच माणूस माहीत आहे.

---

निवृत्त_नर्सबाई

तुम्ही दोघं भेटलात हेच नवल. २०१९-२१ ची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी आहे, सुनेनं काढून दिली. देशातल्या विवाहित बायकांत ३७.९ टक्के जणींचं स्वतःचं ऑपरेशन झालेलं. नवऱ्याचं झालंय अशा ०.३ टक्के. कुठं ६२ लाख आणि कुठं हे. बाईमागं सरासरी मुलं १९९२-९३ ला ३.४ होती, ती २ वर आली, महाराष्ट्रात १.७. कमी मुलं हवीत याला आता कुणाचीच ना नाही. सगळं मान्य आहे, फक्त चिरा बाईलाच.

निरोधचं सांगायचं राहिलं. ६८ साली आला तेव्हा १५ पैशांना तीन. माझ्या वेळी उपकेंद्रात खोकंच भरलेलं असायचं. पुरुष स्वतः मागायला यायचे नाहीत, पोराला पाठवायचे, "बापानं ते फुगं मागितल्यात." त्यातले निम्मे वाटेतच फुगायचे. हल्ली मेडिकलवाला कागदात गुंडाळून देतो, तेवढीच सुधारणा.

---

गच्चीतली_तुळस

सगळ्यांचे आभार. नऊ दिवसांनी लिहिते आहे, कारण मधे बरंच झालं.

नर्सबाई, तुमचं लिहिलेलं मी सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. सतरंजीचं आलं तशा त्या उठून आत गेल्या. मला वाटलं चिडल्या. रात्री भांडी घासताना म्हणाल्या, "माझं ९१ साली झालं. थंडी होती. पांघरूण पुरलं नव्हतं." एवढंच. मला लग्न होऊन आठ वर्षं झाली, हे मला माहीत नव्हतं. नवऱ्यालाही नव्हतं.

मग आजीला व्हिडिओ कॉल लावून दिला. दोघी पाऊण तास बोलल्या, त्यात चाळीस मिनिटं गुडघ्यांवर. शेवटी आजी म्हणाली, "अहो विहीणबाई, आमच्या ह्यांना काय झालं नाही, तुमचं लेकरू तर ऑफिसात बसून काम करतंय."

निकाल असा: सासूबाई हो म्हणाल्या नाहीत. "करा काय करायचं ते. पण भावकीत कळता कामा नये." त्यामुळे येत्या शुक्रवारची तारीख घेतली आहे आणि भावकीला हर्नियाचं ऑपरेशन आहे असं कळवायचं ठरलंय. नवरा वैतागलाय. म्हणतो चोरी केलीय का मी. मला वाटतं शुक्रवार तर पार पडू दे.

---

निवृत्त_नर्सबाई

शाबास. लंगोट किंवा घट्ट चड्डी बरोबर न्या, त्यानं आधार मिळतो. दोन दिवस झोपून राहू दे, मोटारसायकल आठवडाभर नको. ताप आला किंवा फार सूज आली तर घरी हळद लावत बसू नका, दाखवून घ्या. तीन महिन्यांनी तपासणी करायचीच, कॅलेंडरवर आत्ताच खूण कर. तोवर दुसरं साधन. सासूबाईंना माझा नमस्कार सांग, आणि तिचं कधी पाठ-पोट दुखत असेल तर एकदा डॉक्टरांना दाखव. त्या पिढीला कुणी विचारलेलं नसतं.

हर्नियाचं मनावर घेऊ नको. माझ्या शेवटच्या दहा वर्षांत पुरुष मिळाले एकूण अकरा. त्यातल्या सात जणांना गावात हर्नियाच होता.